अब्दुलभाई तुंगेकरांचे चारशे मीटर

"डॉक्टर, तुम्ही फक्त तारीख सांगा. मी तयार आहे!"

अब्दुलभाई तुंगेकरांनी हे इतक्या थाटात सांगितलं, की कापणार डॉक्टर नसून अब्दुलभाईच आहेत असं कोणालाही वाटलं असतं! वय बासष्ट, पोट त्याहून थोडं पुढे, आणि त्या पोटात मोठ्या आतड्याला लिंबाएवढी गाठ. तपासणीत ती सध्या तरी साधी निघाली होती, पण उद्या काय रंग दाखवेल याची खात्री नव्हती. म्हणून पोट उघडायचं, आतड्याचा तेवढा तुकडा काढायचा आणि उरलेली टोकं जोडायची, असं ठरत होतं.

डॉक्टर हरेश भोपी हा शांत माणूस. पनवेलच्याच पंचक्रोशीतला, त्यामुळे इथल्या माणसांच्या थापा त्याला तोंडपाठ.

"रोज किती चालता?" त्यांनी विचारलं.

"भरपूर!"

शेजारी बसलेल्या शहाबानोंनी छताकडे पाहिलं.

"भरपूर म्हणजे?"

"म्हणजे... गरज पडेल तेवढं."

"आणि गरज कधी पडते?"

"लाइट गेल्यावर," शहाबानो म्हणाल्या. "लिफ्ट बंद होते ना."

अब्दुलभाईंनी बायकोकडे असं पाहिलं, की हिला घरीच ठेवायला हवं होतं. पण ती सांगत होती ते खरंच होतं. चोवीस वर्षं कुवेतच्या एका केटरिंग कंपनीत स्टोअर सांभाळून अब्दुलभाई सहा वर्षांपूर्वी पनवेलला कायमचे परतले. तेव्हापासून त्यांनी नियमाने केलेला एकमेव व्यायाम म्हणजे लिफ्टचं बटण दाबणं!

डॉक्टरांनी त्यांना जेरुशा पेणकरच्या हवाली केलं. जेरुशा तिथली फिजिओथेरपिस्ट. किडकिडीत, हसतमुख आणि अजिबात दयामाया नसलेली मुलगी. हॉस्पिटलच्या मागच्या लांब व्हरांड्यात तिने तीस मीटरवर दोन नारिंगी शंकू ठेवले होते. त्या दोन शंकूंमध्ये सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या, जमेल तितक्या भरभर. दमलात तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही.

"एवढंच?" अब्दुलभाई हसले. "मला वाटलं काही तरी अवघड असेल!"

पहिली फेरी त्यांनी नवरदेवासारखी मारली. तिसऱ्या फेरीला शर्टाचं वरचं बटण उघडलं. पाचवीला भिंत धरली. आठवीला त्यांना समोरच्या शंकूच्या जागी दोन शंकू दिसायला लागले आणि त्यातला नेमका कुठला आपला, हे काही कळेना. सहा मिनिटं संपली तेव्हा ते मधल्या बाकावर पसरलेले होते.

"दोनशे पंच्याऐंशी मीटर," जेरुशा म्हणाली. "चारशे लागतील, चाचा."

"पेणकर म्हणजे तू येहुदा पेणकरांची नात ना?" अब्दुलभाईंनी धापा टाकत विचारलं. "अगं, तुझे आजोबा आणि माझे वालिद एका बाकावर बसायचे शाळेत! घरचीच तू. लिही की चारशे!"

"घरची आहे म्हणून तर खरं लिहितेय."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चार आठवडे हातात होते. रोज चालायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची, सिगारेट बंद, अंडी-डाळी-मासे वाढवायचे आणि एक प्लास्टिकचं यंत्र दिवसातून दहा वेळा ओढायचं. त्या यंत्रात तीन रंगीत गोळ्या होत्या. नळीतून श्वास आत ओढला की त्या वर चढायच्या. अब्दुलभाईंनी ओढला, तर पहिली गोळी जरा हलली आणि पुन्हा बसली.

"ऑपरेशन माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले, "पण नंतर उठणं तुमच्याकडे. चौथ्या आठवड्यात बुधवारी पुन्हा ही टेस्ट. चारशे झाले, तर पुढच्या सोमवारी टेबलावर घेतो. नाही झाले, तर पुढे ढकलतो. आणि पुढे ढकलायला मला आवडणार नाही. ती गाठ काही आपल्या सोयीने थांबलेली नाहीये."

घरी जाताना अब्दुलभाईंनी बूट घेतले. हिरवे, चमकणारे. रिक्षातच त्यांनी वेळापत्रकही जाहीर केलं. पहाटे फजरच्या नमाजनंतर पाच किलोमीटर, रविवारी कर्नाळा! "चारशे काय, पाचशे करून दाखवतो त्या पोरीला!"

घरी पोचले, तर दारात उरणची आपा उभी होती. हातात मोठी बॅग, बगलेत उशी.

आपा म्हणजे अब्दुलभाईंची थोरली बहीण. वय एकोणसत्तर. उंची दाराच्या कडीएवढी. ऐन तिशीत नवरा गेल्यावर या बाईने एकटीने चार मुलं वाढवली आणि तीन जावई सरळ केले. तिच्यापुढे उरणमध्ये कोणी बोलत नसे, मग पनवेलमध्ये कोण बोलणार? ती महिनाभर राहायच्या तयारीने आली होती.

"हे काय?" आपांनी बुटांच्या खोक्याकडे बोट केलं.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आपा. ऑपरेशनच्या आधी."

"चालायला? आजारी माणसाला?" आपांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, ऑपरेशनात ताकद जाते की नाय?"

"जाते."

"उद्या पाणी येणार नाय म्हटलं, तर आज आपण टाकी भरून ठेवतो, की नळ सोडून देतो?"

"टाकी भरतो," अब्दुलभाई म्हणाले.

"तसंच हाय हे! आधी ताकद साठवायची. पाय जमिनीला लावायचा नाय. खायचं, पडायचं, दुआ करायची!"

हे शास्त्र अब्दुलभाईंना ताबडतोब पटलं. इतकं सोपं आणि इतकं आरामाचं वैद्यकशास्त्र त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. शहाबानोंनी विरोध करून पाहिला, रोज सकाळी बूट खाटेखाली आणून ठेवले. आपांनी ते माळ्यावर टाकले. नणंद-भावजयीची ती लढाई तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी माळ्याची शिडीच नाहीशी झाली.

आणि मग सुरू झाली बीमारपुर्सी!

आजारी माणसाची विचारपूस करायला जाणं हे सवाबाचं, पुण्याचं काम. आणि पनवेलच्या मोहल्ल्यात सवाब कोणी सोडत नाही. त्यातून मशिदीच्या जमातीचा सेक्रेटरी शहजाद. हा माणूस नारळ फोडायचा असला तरी आधी कमिटी नेमणारा! शुक्रवारी जमातीत त्याने अब्दुलभाईंच्या सेहतीसाठी दुआ मागवली आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर भेटीचं वेळापत्रकच टाकलं. सोमवारी उरणवाले, मंगळवारी तळोज्याचे, बुधवारी शहाबानोंचं माहेर, गुरुवारी कुवेतचे जुने दोस्त.

येणारा प्रत्येकजण काही ना काही आणत होता. बकऱ्याच्या पायांचा पाया, सांदणं, कोंबडीचा रस्सा, खिमा, खजूर. आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेशंट पडलेलाच बघायचा होता. दोन रिक्षा बदलून तळोज्याहून यायचं आणि पेशंटने उठून दार उघडायचं? मग आलो कशाला? अब्दुलभाईंनाही हे पटत होतं. त्यामुळे बेल वाजली की ते चादर हनुवटीपर्यंत ओढत आणि आवाज बारीक करत. सकाळच्या पाहुण्यांशी ते हळू बोलत, दुपारच्या पाहुण्यांशी कुजबुजत, आणि संध्याकाळी आलेल्यांना नुसते डोळ्यांनी सलाम करत. लोक बाहेर पडताना म्हणत, "किती खंगलाय हो!" आणि आत अब्दुलभाई पायाच्या दुसऱ्या वाटीला हात घालत.

तीन गोळ्यांचं यंत्र उशीखाली होतं. एकदा ते शहजादच्या हाती लागलं.

"नातवाचं खेळणं का?" म्हणून त्याने नळी तोंडात धरली आणि जोरात ओढली. एकही गोळी हलली नाही, पण शहजादला असा ठसका लागला की पेशंटला उठून त्याची पाठ थोपटावी लागली!

बारा दिवस हे चाललं. मग जेरुशाचा फोन आला. मधली तपासणी.

"दोनशे बासष्ट," जेरुशाने वाचलं. या वेळी ती हसली नाही. "वजन तीन किलो वर. चाचा, तुम्ही नेमकं काय करताय?"

"ताकद साठवतोय," अब्दुलभाई म्हणाले. ते ऐकताना त्यांचं त्यांनाच कसंसं वाटलं.

जेरुशा स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "पडून राहिल्याने ताकद साठत नाही, चाचा. विरघळते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, पोटाला टाके असताना तुम्हाला खोकायचंय. दम नसेल तर खोकता येणार नाही. मग कफ छातीत बसेल, न्यूमोनिया होईल. उठून चालला नाहीत तर पायात रक्ताची गुठळी होईल, ती वर फुप्फुसात जाऊ शकते. जखम भरायला वेळ लागेल. आधीच दमलेल्या माणसाला हे सगळं पहिलं गाठतं. मी घाबरवत नाहीये. मी असे लोक बघितलेत."

परत येताना रिक्षात शहाबानोंनी तपासण्यांची फाइल दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती, जणू कोणी हिसकावून नेईल. अब्दुलभाईंनी त्या हातांकडे पाहिलं आणि ते घाबरले. चांगलेच घाबरले. चोवीस वर्षं ही बाई इथे एकटी राहिली. वर्षातून एक महिना नवरा, बाकी अकरा महिने फोन. आता कुठे सहा वर्षं झाली होती समोरासमोर बसून सकाळचा चहा घ्यायला लागून. एवढ्यात आटपायचं?

"बानो," ते म्हणाले, "माळ्याची शिडी कुठाय?"

"शेजारच्या नीताकडे ठेवलीय आपांनी," शहाबानो म्हणाल्या. "मी बूट कालच काढून आणलेत. माझ्या शिवणाच्या पिशवीत आहेत."

पण घराबाहेर पडणार कसं? दारात आपा. आणि आपांना समजावणं म्हणजे पळस्पे फाट्यावर ट्रक हाताने अडवणं! नवरा-बायकोने बराच खल करून एक थाप शोधून काढली. रोज सकाळी रक्त तपासायला जायचं.

पहिल्या दिवशी आपांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी भुवया चढवल्या. "काल तर काढलं ना?"

"काल डाव्या हाताचं होतं," अब्दुलभाई म्हणाले.

शहाबानो कोपरावर कापूस चिकटवून द्यायच्या, पिशवीतून बूट न्यायच्या आणि नीताच्या दारात अब्दुलभाई चप्पल काढून बूट चढवायचे. मग दोघं वडाळे तलावावर. पहिल्या दिवशी एक फेरी झाली, तीही चार बाकांवर बसत. चौथ्या दिवशी दोन बाक कमी झाले. आठव्या दिवशी अब्दुलभाई न थांबता फेरी पूर्ण करून शहाबानोंच्या पुढे निघून गेले आणि मागे वळून असे हसले, की त्या माउलीने लग्नानंतर प्रथमच त्यांना रस्त्यात टाळी दिली. गोळ्याही चढायला लागल्या. एक, मग दोन. न्हाणीघरात नळ सोडून ते यंत्र ओढत बसत.

इकडे घरी मात्र गोष्ट हाताबाहेर चालली होती. रोज रक्त काढतात म्हणजे काय? मोहल्ल्यात प्रत्येकाने आपापला आजार सुचवला. घामाने चिंब होऊन अब्दुलभाई परतले की आपा पाहुण्यांना दाखवायच्या, "बघा, बघा, अशक्तपणानं किती घाम फुटलाय!" आणि कलेजीचं ताट पुढे करायच्या. दहाव्या दिवशी ते घरात शिरले, तर दिवाणखान्यात अकरा तगडे जवान बाह्या वर करून रांगेत बसलेले.

"हे कोण?"

"रक्त द्यायला आलेत," शहजाद छाती फुगवून म्हणाला. "अब्दुलभाई, तुम्ही एक थेंब विकत घ्यायचा नाही! जमात अजून जिवंत आहे!"

अब्दुलभाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. लाजेने की प्रेमाने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी त्या अकरा जणांना कलेजी खाऊ घातली आणि गुपचूप खोलीत जाऊन दहा उठबशा काढल्या.

बिंग फोडलं ते कमळाबाईने. टेस्टच्या आदल्या दिवशी. ती मासळीची पाटी घेऊन दारात आली आणि आपांनी मांदेली चिवडत सुस्कारा सोडला, "ताजी दे बाई. घरात आजारी माणूस हाय."

"कोन आजारी?"

"अब्दुल."

"चाचा?" कमळाबाईने पाटी खालीच ठेवली. "अवो, काय सांगता! ते तर रोज तलावावर असतान! हिरवं बूट घालून! काल माज्या म्होरनं असं निंगून गेलं, मी हाक मारली तं थांबलं पन नाय! आमी तिगी जनी बघतच रायलो!"

आपांनी हातातली मांदेली पाटीत टाकली. दुसऱ्या कोणी असतं, तर भाऊ फसवतोय हे ओळखलं असतं. पण आपांच्या डोक्यात हिशेब वेगळाच लागला. रोज रक्त काढतात. मग अशा माणसाला रिक्षाने पाठवायचं सोडून तलावावरून चालवत हाकलतात! आणि हा गरीब भाऊ घरी येऊन एका शब्दाने तक्रार करत नाही!

"शहजाद!" आपांनी फोनवर हाक मारली ती फोनशिवायही मोहल्ल्यात पोचली असती. "उद्या सकाळी त्या हॉस्पिटलात जायचं. सगळ्यांनी!"

बुधवारी दहा वाजता अब्दुलभाई शंकूपाशी उभे राहिले. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, पायात हिरवे बूट. डॉक्टर भोपी दारात हाताची घडी घालून उभे. शहाबानो बाकावर, ओठ हलताहेत. जेरुशाने घड्याळ दाबलं.

पहिली फेरी छान. दुसरी, तिसरी, चौथी. श्वास लागत होता, पण पुरत होता. दोन मिनिटं झाली तेव्हा त्यांचे एकशे चाळीस मीटर झाले होते आणि अब्दुलभाईंना वाटलं, झालं! आपण पाचशेही करू!

तेवढ्यात व्हरांड्याचं टोकाचं दार उघडलं आणि आत शहजाद आला. त्याच्यामागे ते अकरा जवान, त्यांच्यामागे उरणवाले, तळोज्याचे दोघं, आणि सगळ्यांत पुढे घुसत, डबा घेतलेल्या आपा.

"अस्सलामु अलैकुम, अब्दुलभाई!" शहजादने दोन्ही हात पुढे केले.

आता अब्दुलभाईंनी आयुष्यात कोणाचा सलाम वाऱ्यावर सोडला नव्हता. पाय आपोआप थांबले. "व अलैकुम अस्सलाम!" दोन्ही हातांनी हात मिळवला. तब्येत कशी, अल्लाचं करम, मुलं कशी, मजेत...

"चाचा! घड्याळ चालू आहे!" जेरुशा ओरडली.

पंधरा सेकंद गेले! अब्दुलभाई दचकून पळत सुटले, तर पुढे दुसरा हात. "अस्सलामु अलैकुम!" त्यांनी छातीला हात लावून चालता चालता उत्तर दिलं. तिसरा. चौथा. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं भिंतीला लागून उभी होती आणि प्रत्येकाचे हात पुढे आलेले. अब्दुलभाई त्या हातांमधून सलाम टाकत, वाकत, अंग चोरत चालले होते.

"थांबतच नाही!" कोणीतरी हळहळलं. "मेंदूला रक्तच पोचत नसेल."

"पेशंटला कोणी अडवू नका!" डॉक्टर म्हणाले. "बाजूला व्हा!"

"बाजूला होऊ?" आपांचा आवाज फुटला. "रक्त काढून काढून माणूस पांढरा केला, आता त्याला गुरासारखं पळवताय?" आणि त्यांनी धावत जाऊन भावाची बाही धरली. "अब्दुल! चल घरी! बस झालं!"

अब्दुलभाई उभे राहिले. पाठीमागे जेरुशा घड्याळ बघत होती, आणि शहाबानो बाकावरून उठल्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"आपा," अब्दुलभाई धापा टाकत म्हणाले, "रक्त नाही काढलं कोणी. खोटं बोललो. रोज चालायला जात होतो. पडून राहिलो तर ऑपरेशननंतर मी उठणार नाही, आपा! मला जगायचंय! सोड!"

आपा क्षणभर भावाकडे बघत राहिल्या.  मग त्यांनी बाही सोडली, वळल्या आणि डबा शहजादच्या पोटावर आपटला.

"बघता काय? व्हा बाजूला! भिंतीला लागा! सलाम मग करा, मेल्यांनो! माझ्या भावाला चालायचंय!"

आणि त्या त्याच्यापुढे चालू लागल्या. उरणच्या बाजारात गर्दीतून वाट काढावी तशा. एका तरण्याचा पाय बाहेर होता, त्यावर त्यांनी सरळ पाय दिला. शंकूपाशी भावाआधी पोचल्या, वळल्या, उलट्या चालत ओरडल्या, "चल अब्दुल! पाय उचल! खोटं बोलताना बरा उचलत होतास!" मध्येच एक चप्पल निसटली, तर मागे जाऊन ती घातली आणि पुन्हा पळत पुढे आल्या. तोंड एक क्षण थांबलं नव्हतं. जमात भिंतीला चिकटून उभी होती, आणि मग कोणीतरी फेऱ्या मोजायला लागलं. "दहा! अकरा!" बाराव्या फेरीला अब्दुलभाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेराव्याला त्यांना फक्त आपांची पाठ दिसत होती. ते त्या पाठीमागे चालत राहिले, लहानपणी शाळेत जाताना चालायचे तसे.

"वेळ संपली! जागेवर थांबा!"

जेरुशाने शेवटच्या अर्धवट फेरीच्या फरशा मोजल्या. पुन्हा मोजल्या. 

"चारशे आठ!"

शहाबानो मटकन बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. अब्दुलभाई त्यांच्या शेजारी कोसळले आणि त्यांनी सगळ्यांसमोर बायकोचा हात हातात घेतला. मोहल्ल्यातली ज्येष्ठ मंडळी तेवढ्यापुरती छताकडे बघत होती. मग जो तो अब्दुलभाईंचं अभिनंदन करायला पुढे सरसावला.

"एक मिनिट," डॉक्टर भोपी म्हणाले. ते आपांकडे बघत होते. "यांचं वय काय?"

"एकोणसत्तर. का?"

"शेवटच्या तीन मिनिटांत या बाई पेशंटपेक्षा एक फेरी जास्त चालल्या. उलट्या. चपलेत. बोलत." त्यांनी जेरुशाकडे पाहिलं. "ऑक्सिजन बघ जरा."

जेरुशाने अब्दुलभाईंच्या बोटाचा चिमटा काढून आपांच्या बोटाला लावला. "अठ्ठ्याण्णव!"

सगळी जमात आपांकडे वळली. अभिनंदनासाठी पुढे केलेला अब्दुलभाईंचा हात तसाच राहिला.

सोमवारी ऑपरेशन झालं. साडेतीन तास लागले. गाठ निघाली, आतडं नीट जोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी अब्दुलभाई पोटावर उशी दाबून व्यवस्थित खोकले. छाती साफ, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट बघितला की बरं वाटतं. शहाबानोंनी घरी फोन करून ही गोष्ट सात जणांना सांगितली.

फक्त चालायचं तेवढं अब्दुलभाई टाळत होते. टाके ओढत होते, हाताला सलाइन, बाजूला नळी. "आज नको, उद्या," ते जेरुशाला म्हणाले. ती सकाळपासून तीन वेळा येऊन गेली होती. शिवाय आज भेटीची वेळ होती. एका वेळी दोघांनाच आत सोडणार होते आणि बाहेर रांग लागली होती. चारशे आठ मीटरची हकिगत सांगायला अब्दुलभाई उत्सुक होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, हेसुद्धा ठरवून झालं होतं.

पहिले दोघं आले. अब्दुलभाईंकडे बघून "अल्ला शिफा देवो" म्हणाले आणि खाटेशेजारच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीत आपा बसल्या होत्या.

"आपा, माशाअल्ला! उलट्या चाललात म्हणे?"

"त्यात काय?" आपा म्हणाल्या आणि सुरू झाल्या. पहिल्यापासून. त्या हकिगतीत अब्दुलभाई एकदाच आले, तेही बाही म्हणून.

दुसरे दोघं आले. तेच. तिसरे दोघं आले. तेच. शहजादने तर आपांना जमातीच्या बायकांचा चालण्याचा वर्ग घ्यायची विनंती केली आणि त्यासाठी तिथल्या तिथे कमिटी नेमली. अब्दुलभाईंनी दोनदा खोकून पाहिलं. पाणी मागितलं. कोणी बघितलं नाही. शेवटी त्यांनी दात-ओठ खाल्ले, कूस वळवली, हातावर जोर देऊन बसले, पाय खाली सोडले, आणि नळीची पिशवी एका हातात, सलाइनचा स्टँड दुसऱ्या हातात धरून उभे राहिले. जेरुशा दारातून धावत आली आणि तिने कंबरेला हात दिला. एक पाऊल. दोन. टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. पाच. आठ. अकराव्या पावलाला ते दारापाशी पोचले.

"शाब्बास, चाचा!" जेरुशा म्हणाली.

अब्दुलभाई मान ताठ करून मागे वळले, खोलीतल्या सगळ्यांनी बघावं म्हणून.

आपांनी बोलता बोलता नजर वर केली.

"उठलाच हायस, तर बाहेरच्या दोघांना आत पाठव. यांची वेळ झाली."